फाटकावर जमा

मला ऐकू येणाऱ्या आवाजांपैकी एकही माझ्याशी कधी चांगलं बोललेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण लोकांना उलटं ऐकायची हौस असते. त्यांनी तुम्हाला काही सुचवलं का, काही वाट दाखवली का, असं विचारतात. नाही दाखवली. एकोणीस वर्षांची होते तेव्हापासून ते माझ्या कानाशी बसून माझी लाज काढत आले आहेत. बायपोलर हा शब्द मला पुष्कळ नंतर मिळाला. हा आजार माणसाला कधी छपरावर चढवतो आणि कधी विहिरीत ढकलतो. माझ्या बाबतीत दोन्ही ठिकाणी हे लोक माझ्या आधीच जाऊन बसलेले असायचे, एवढाच काय तो फरक. मी त्यांना नावं ठेवली होती. एक मास्तर. तो शुद्ध मराठीत बोलायचा, शाळेच्या स्नेहसंमेलनात माईकवर बोलतात तसा. बाकी दोघी बायका, त्यांना मी जावा म्हणायची, कारण त्या माझ्याशी बोलायच्याच नाहीत. एकमेकींशी माझ्याबद्दल बोलायच्या. "पाह्य वो, आता डोकं विंचरून राहिली." "विंचरू दे. कोण पाहते तिले?" दिवसभर हेच चालायचं.

आम्ही तेव्हा जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे हातभर अंगण आणि त्यात आईची सांबाराची वाफ. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. घर भोंग्यावर चालायचं. सकाळच्या भोंग्याला बाबा सायकल बाहेर काढायचे, दुपारच्या भोंग्याला आई भाताखालचा गॅस बंद करायची, आणि सहाच्या भोंग्याला मी किंवा माझी मोठी बहीण शालूताई चहाचं आधण ठेवायचो. भात दोन्ही वेळा. त्याच्यासोबत लाखोरीची डाळ, जवसाची चटणी, आणि आसगावहून आत्याने वाळवलेले झिंगे पाठवले असले की वांग्यात झिंगे. त्या भाजीचा वास तीन क्वार्टर पलीकडे जायचा आणि पलीकडच्या काकू खिडकी लावून घ्यायच्या. मुद्दाम आवाज करून लावायच्या. आई मग मुद्दाम झाकण उघडं ठेवायची.

बाबा शेडमध्ये सुपरवायझर होते. दारूगोळ्याचं काम. काय बनतं ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. पण कसं वागायचं ते रोज सांगितलं. फाटकावर झडती होते, बिडी, माचिस, खिळ्यांचे बूट, सगळं तिथं जमा करायचं, बदल्यात पितळेचा बिल्ला मिळतो, सुटताना बिल्ला देऊन आपली वस्तू परत घ्यायची. हे नियम ते घरातही लावायचे. गॅसची कळ तीनदा बघायची. इस्त्री गरम असताना कोणी कोणाला हाक मारायची नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, जो मी जेवताना इतक्यांदा ऐकलाय की अजून त्याला भाताची चव येते: बिघाड दिसला की आधी सांगायचं. मशीन बिघडवणाऱ्याले माफी आहे, बिघाड लपवणाऱ्याले नाही.

दुसरा अभिमान त्यांना होता तो धर्माचा. आजोबांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हा घरातले सगळे देव टोपलीत घालून वैनगंगेत सोडले होते, आणि बाबा तेव्हा टोपलीमागे चालत गेले होते. आमच्या घरात कोणाच्या अंगात यायचं नाही, कोणी लिंबू उतरवायचं नाही, मांजर आडवी गेली तर बाबा थांबून तिला रस्ता द्यायचे आणि मग मोठ्याने आम्हाला सांगायचे, "पाह्यलं? काही झालं काय?" मला हे सगळं मान्य होतं. आजही आहे. म्हणूनच पुढे जे झालं त्याचा राग येतो.

त्या उन्हाळ्यात मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आधी झोप गेली. मला ती नकोच होती. मी सगळे पडदे धुतले, मग शेजारच्यांचे पडदे मागून आणून धुतले, मग क्वार्टरला आतून निळा रंग द्यायला घेतला आणि दीड भिंत रंगवून सोडून दिला. सगळ्या कॉलनीतल्या बायकांना मी इंग्रजी शिकवणार होते. फळा आणला होता. माझं बोलणं माझ्याच पुढे पळत होतं. आईला वाटलं पोरगी कामाची झाली. तेव्हा एका दुपारी पंख्याच्या घरघरीतून मास्तर म्हणाला, "आता रंजना उठेल." मी उठले. "आता रंजना पाणी पिईल." मी पाणी प्यायले नाही, मुद्दाम. तर तो हसला. मग पावसाळा लागला तसा तो सगळा उत्साह उतरला, मी भिंतीकडे तोंड करून पडले, निळ्या अर्ध्या भिंतीकडेच, आणि जावा आल्या.

मी बाबांना सांगितलं. जेवताना, सगळ्यांसमोर सांगितलं, कारण बिघाड दिसला की आधी सांगायचं असतं.

बाबांनी घास खाली ठेवला. "कोणाचा आवाज आहे?"

"ओळखीचा नाही."

"कोणीकडून येते?"

"पंख्यातून. नळातून पण."

आता हे ऐकून माणसं हसतात, पण बाबांनी तीन दिवस शोध घेतला. पंखा उतरवून तेल घातलं. शिडी लावून छपरावर गेले. काकूंच्या रेडिओची तार आमच्या खिडकीवरून गेली होती ती काढायला लावली, आणि काकूंनी त्यावरून महिनाभर अबोला धरला. त्यांनी मला पंख्याखाली उभं करून विचारलं, "आता?" मी म्हटलं, येतो. पंखा बंद केला. "आता?" येतो. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मला त्यांचा चेहरा बंद होताना दिसला. बाबांकडे तीनच रकाने होते. आवाज एक तर तारेतून येतो, नाही तर देवातून, नाही तर पोरगी ढोंग करते. तार त्यांनी तपासली होती. देव नदीत सोडले होते.

"रंजू," ते म्हणाले, "आपल्या घरात देव येत नाही, भूत येत नाही. मंग तुलेच कायले येते?"

आई हळूच म्हणाली, "अवो, एकदा डॉक्टरले दाखवून पाह्यलं तर?"

"आणि डॉक्टरले काय सांगू? माया घरात आवाज येते म्हणून? उद्या सगळे नातेवाईक म्हणतीन, देव सोडले नं, घ्या मंग. हेच पाहून राहिले ते. भायेर कोणाले सांगायचं नाही."

एवढं बोलून ते उठले, आणि त्यांच्या खणातून एक जुना बिल्ला घेऊन आले, आकडा झिजून गेलेला. दाराशेजारच्या खिळ्याला त्यांनी तो अडकवला. "आवाज सकाळी इथं जमा करायचा. दिवसभर आपलं काम. सहाच्या भोंग्याले परत घ्यायचा, काय बोलायचं ते बोलू द्यायचं. शेडमध्ये कोणी बिडी घेऊन जात नाही. तू बी जायचं नाही." ही शिक्षा होती. त्यांच्या बोलण्यात काळजी वगैरे होती असं मी नंतरच्या माणुसकीने लिहू शकते, पण नव्हती. मला त्या क्षणी ते मास्तरपेक्षा जास्त नकोसे झाले.

चिडचिड आणणारी गोष्ट ही की त्या बिल्ल्याचा थोडा उपयोग झाला. मी सकाळी बिल्ला हातात धरून मनात म्हणायची, सहा वाजता या. जावा ऐकायच्या नाहीत, पण त्यांचा आवाज खाली यायचा, शेजारच्या घरातलं भांडण वाटावं इतका. आणि सहाचा भोंगा झाला की तिघंही वेळेवर हजर, शिफ्ट सुटल्यासारखे. अर्धा तास मी न्हाणीत बसून सगळं ऐकून घ्यायची. मी दिसायला कुरूप, मी घरावर भार, मी बाबांच्या जिवाला खाते. बाबांनी मात्र एवढ्यावरून ठरवलं की बिघाड दुरुस्त झाला. बिल्ला म्हणजे इलाज नव्हे, तो फक्त खिळ्याला अडकवलेलं पितळ, हे त्यांना कळायला पाहिजे होतं. सुपरवायझर होते.

दिवाळीनंतर शालूताईला बघायला पाहुणे यायचे ठरले. मुलगा नागपूरला वीज खात्यात होता. सोबत त्याची आई आणि मामा. रविवार सकाळ. शालूताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, रंगाने आणि स्वभावाने आईवर गेलेली. तिने आधीच्या रात्री मला एकच वाक्य सांगितलं होतं, "रंजू, उद्या फक्त बस. बोलू नको." मी त्या आठवड्यात पुन्हा झोपत नव्हते. हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण बाहेर सांगायचं नव्हतं आणि घरात सांगून झालं होतं.

आईने सांबारवडी केली होती. बेसनाच्या पातळ पोळीत सांबार, खोबरं, तीळ, खसखस भरून, चौकोनी पुडी बांधून तळतात. पहाटेपासून तळत होती. वड्या परातीत रचल्या होत्या आणि सगळ्या घराला तेलाचा आणि हिरव्या सांबाराचा वास होता. बाबांनी निळ्या भिंतीसमोर कपाट सरकवलं होतं. मुलाची आई जाडजूड, बोलकी बाई. आल्या आल्या म्हणाली, "अवो, वास तं फाटकापासूनच येऊन राह्यला. पोरीनं केल्या का मायनं?"

"पोरीनंच," आई म्हणाली. ते खोटं होतं.

"मंग हात चांगला आहे." तिने माझ्याकडे बघितलं. "आन हे धाकटी? हे काहून बोलत नाही?"

"लाजते," बाबा म्हणाले. तेही खोटं.

"खोटं," मास्तर म्हणाला. सहा वाजायला सात तास होते. त्याने कधी वेळ मोडली नव्हती, म्हणून मी एकदम घाबरले. "खोटं बोलणाऱ्या घरात वडीतही खोटं असतं. वडीत काच आहे." जावा लगेच धावून आल्या. "काच हो, बारीक." "आता खाते पाह्य ते बुढी." ती बाई वडी तोंडाकडे नेत होती.

मी तिच्या हातावर फटका मारला. वडी मामांच्या धोतरावर पडली. मग मी टीपॉयसमोर गुडघ्यावर बसले आणि पहिली वडी फोडली. बोटांनी सारण चाचपलं. खोबरं, तीळ. दुसरी फोडली. कोणी मला अडवलं नाही, त्यामुळे मला पुष्कळ वेळ मिळाला. मी सगळ्यांच्या बशा घेतल्या, मुलाच्याही, आणि एकेक वडी फोडून सांबार बाजूला करत गेले. माझी नखं हिरवी झाली होती. वेड लागल्यावर माणूस ओरडतो, कपडे फाडतो, असं सगळ्यांना वाटतं. मी अगदी नीट काम करत होते. बाबांनी शिकवलं तसं, एकही नग न सोडता.

"बापा!" मुलाची आई म्हणाली. "हिच्या अंगात येते काय?"

"आमच्या घरात अंगात येत नाही," बाबा म्हणाले. हे त्यांनी इतक्या झटक्यात म्हटलं की मुलाची आई मागे सरकली.

"मंग यडी आहे?"

मी बाबांकडे बघितलं. मला खरंच उत्तर पाहिजे होतं.

"ताप आहे तिले," ते म्हणाले.

मामा उठले, धोतर झटकलं, आणि म्हणाले, "ताप उतरला की कळवा." त्यांची गाडी कॉलनीच्या वळणाला जाईपर्यंत शालूताई दारात उभी होती. मग ती आत आली आणि माझ्याकडे बघितलंही नाही. तिने तिची साडी तिथेच फेडली, घडी घातली, कपाटात ठेवली. तिचा तो शांतपणा मला आजही कोणत्याही शिवीपेक्षा वाईट वाटतो.

आई माझ्यासमोर जमिनीवर बसली. तिने फोडलेल्या वडीचा एक तुकडा उचलला आणि तोंडात घातला. माझ्या डोळ्यांत बघत चावला. "पाह्य. खाल्ली." दुसरा तुकडा. "आहे काय काच? सांग, आहे काय?" ती रागाने चावत होती, गालावरून पाणी वाहत होतं आणि ती चावत होती. "पहाटे तीनले उठली मी. तीनले!" मी तिच्या ओठांकडे बघत बसले. रक्त येईल म्हणून वाट बघत होते. आलं नाही. ती आठ तुकडे खाऊन गेली आणि रक्त आलं नाही, आणि मास्तर मात्र म्हणतच होता, काच आहे, काच आहे. तेव्हा माझ्या डोक्यात एक फट पडली. फार मोठी नाही. पण तो खोटं बोलू शकतो, आणि ते तपासता येतं, हे मला त्या दिवशी पुराव्यासकट कळलं.

बाबा येरझारा घालत होते. "काही बिघडलं नाही. मी मामाले फोन करतो. टायफाइड होता म्हणतो. भायेर जाऊ द्यायचं नाही हे."

"बाबा," मी म्हटलं, "शेडमध्ये मशीन तापायला लागलं तर काय करता?"

त्यांना उत्तर द्यायचं नव्हतं. पण पंचवीस वर्षांची सवय. "मशीन बंद. माणसं भायेर. मंग साहेबाले सांगायचं."

"आणि एखाद्यानं लपवलं तर?"

ते थांबले.

"तर त्याले काय करता, बाबा?"

"त्याले फाटकाच्या आत घेत नाही," ते म्हणाले.

"मी तुमाले जेवताना सांगितलं होतं. पाच महिने झाले. मंग तुमी काय करून राहिले?"

त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच. मग ते अंगणात जाऊन सांबाराच्या वाफ्याशेजारी उकिडवे बसले, आणि दुपारचं जेवण कोणी वाढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या भोंग्याला त्यांनी सायकल काढली नाही. टेबलाशी बसून रजेचा फॉर्म भरत होते. केंद्र सरकारची फॅक्टरी, फॉर्म हिंदीत. कारणाच्या रकान्यात ते नेहमी दोनच शब्द लिहायचे, घरेलू काम. आम्हा दोघींच्या जन्माच्या वेळीही तेच लिहिलं होतं म्हणे. त्या दिवशी त्यांनी बराच वेळ पेन हातात धरलं आणि मग लिहिलं: पुत्री को आवाजें सुनाई देती हैं. इलाज कराना है. हा फॉर्म आधी सेक्शनचा बाबू वाचणार, मग साहेब, मग टाइम ऑफिस, आणि दुपारच्या डब्यापर्यंत अख्खी फॅक्टरी, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला. "बरोबर आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बरोबर आहे. माझा गाल अजून दुखत होता.

नागपूरच्या डॉक्टर बाई माझ्यासारख्याच कोरड्या होत्या. त्यांनी आवाज खरे की खोटे हे विचारलंच नाही. किती जण, काय म्हणतात, किती वाजता येतात, झोप किती, असं सगळं विचारून लिहून घेतलं, आणि बाबांना म्हणाल्या, हा आजार आहे, याला गोळ्या आहेत, गोळ्या बंद करायच्या नाहीत. बाबांना चौथा रकाना मिळाला. ते खुर्चीत असे मागे टेकले की मला त्यांचा पुन्हा राग आला. एवढ्यासाठी पाच महिने. बसमध्ये परत येताना ते म्हणाले, "बिघाडच होता नं मंग." त्यांनी माफी मागितली नाही. मी ती दिलीही नाही. ते गेल्याला आता सहा वर्षं झाली, आणि हिशेब तिथेच आहे.

शालूताईचं तिथे जमलं नाही, पुढे दीड वर्षाने गोंदियाला जमलं. तिचं बरं चाललंय. अजून आमच्यात लग्नकार्यात सांबारवडी आली की ती ताट माझ्याकडे सरकवते आणि म्हणते, "घे, तपासून दे." सगळे हसतात. ती हसत नाही.

गोळ्यांनी जावा गेल्या. पहिल्या वर्षातच. मधे दोनदा मी स्वतःच्या शहाणपणाने गोळ्या सोडल्या तेव्हा त्या सामानसुमान घेऊन परत आल्या, ते प्रकार इथे लिहिण्यासारखे नाहीत. मास्तर राहिला. मी आता तुमसर रोडवरच्या एका राइस मिलमध्ये वजनकाट्यावर आहे. धानाचा ट्रॅक्टर काट्यावर चढला की मास्तर चुकीचं वजन सांगतो. मी आकडा बघते, ऐकत नाही. चौदा वर्षांत माझ्या काट्यावर चूक निघालेली नाही. त्याला उत्तर द्यायचंच झालं तर मी कानात इअरफोन घालते; आजकाल सगळेच एकटे बोलत रस्त्याने जातात, माझी आता कोणी दखल घेत नाही. ज्याला हा त्रास आहे त्याला मी एवढंच सांगते: गोळी घ्या, झोपा, आणि तो जे म्हणतो ते तपासा. तपासायला कोणीतरी जवळचं लागतं. मला आईने वडी खाऊन दाखवली होती. माझी आई त्याबद्दल मरेपर्यंत मला बोलत राहिली, तीनले उठली होती म्हणून.

बिल्ला माझ्याकडेच आहे. खिळा माझ्या घराच्या दाराशेजारी आहे. हे लिहीत असताना मास्तर मागून वाचतोय. त्याचं म्हणणं आहे की मी सगळं खोटं लिहिलंय, बाप असा नव्हता, वडीत काच होती, आणि हे कोणीही वाचणार नाही. आता साडेपाच झाले आहेत. त्याचं जे काय म्हणणं असेल ते मी सहा वाजता ऐकून घेईन.